ताट राखायला एक माणूस

त्या रविवारी सकाळी साडेनऊला निपाणीहून फोन आला, तेव्हा मी साडीला इस्त्री करत होते. आक्कांच्या शेजारणीचा, मालूताईंचा फोन होता. "आक्का उठल्याच न्हाईत ओ बाई... दूधवाला हाक मारून मारून गेला. मग मी मागच्या दारानं आत गेलो, तर..." मी इस्त्रीचा प्लग काढला, साडीची घडी घातली आणि सगळ्यात आधी फोन केला तो हॉटेलला. बारा वाजता आक्कांची आणि माझी, दोघींची जागा ठेवलेली होती. ती आता नको, असं मी सांगितलं. काउंटरवरचा माणूस ओळखीचा झाला होता. म्हणाला, "बरं अज्जी. मग पुढच्या महिन्यात ठेवू का, दोघींची?" तेव्हा कुठं मला रडू आलं.

ऋचा, ईशान, तुम्ही तिकडे इतके लांब की तुमच्यासाठी आत्याआजी म्हणजे फोनच्या अगदी जवळ तोंड आणून "जेवलासा व्हय रं?" असं विचारणारी एक म्हातारी. पडद्यावर तिचं अर्धं कपाळ आणि चष्माच दिसायचा. म्हणून हे लिहून ठेवते आहे. तुमच्या आजोबांची ही थोरली बहीण. लग्न झालं आणि तिसऱ्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नाही. सासरच्या घराच्या मागच्या दोन खोल्या वाट्याला आल्या. तिथं शिवणाचं मशीन ठेवून आक्कांनी निम्म्या निपाणीचे ब्लाऊज शिवले. कुणापुढे हात पसरला नाही, आणि आमच्याकडे बेळगावला आल्या तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या गाडीनं परत. "मशीन वाट बघतंय," म्हणायच्या. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी, सगळ्या गोष्टींची यादी करणारी. त्या सातवी झालेल्या, नजरेनं माप घेणाऱ्या. आजोबा असेपर्यंत आम्हा दोघींत फारसं बोलणं नव्हतंच.

आजोबांचं वर्षश्राद्ध झालं आणि परत जाण्याआधी तुमच्या बाबानं आम्हा दोघींना हॉटेलात नेलं. कॉलेज रोडच्या बाजूला आहे, रविवारी दुपारी बुफे असतो. आक्का आयुष्यात पहिल्यांदाच असं जेवण बघत होत्या. दारातच थांबल्या. "हितं वाढायला कोण न्हाय?" बाबा म्हणाला, "आत्या, आपलं आपण घ्यायचं. पाहिजे ते, पाहिजे तितक्यांदा." आक्कांनी सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. "आन् पयलं कुणी घ्यायचं?" "कुणीही. तू घे की." "मी?" असं म्हणून त्यांनी मागं वळून बघितलं, कुणी थांबवायला येतंय का बघावं तसं. मला हसू आलं. साधी बाई, गोंधळली, एवढंच मला तेव्हा वाटलं...

तुमचा बाबा गेला आणि महिन्याभरानं आक्कांचा फोन आला. "सुधा, त्या हाटेलात परत जायाचं काय गं?" तिथून पुढं पाच वर्षं, दर महिन्याचा दुसरा रविवार. आक्का सकाळच्या गाडीनं निपाणीहून निघायच्या, संकेश्वरवरून बेळगावच्या स्टँडला उतरायच्या, तिथं मी रिक्षा घेऊन उभी. काखेत ब्लाऊजच्या कापडांचे तुकडे जोडून शिवलेली पिशवी. आजवर ज्या ज्या बायकांचे ब्लाऊज शिवले, त्यांच्या उरलेल्या चिंध्या त्या पिशवीवर होत्या. आणि रिक्षात बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "सकाळी काय खाल्लंस?" काही नाही म्हटलं की रागवायच्या. "उपाशी आलीस व्हय? उपाशी माणूस पयल्या भातालाच भुलतंय. सकाळी अर्धी भाकरी, वाटीभर ताक. मग डोकं शाबूत ऱ्हातंय."

बुफेत जेवणं ही एक विद्या आहे आणि ती त्यांनी दोन-तीन खेपांतच हस्तगत केली. पहिली फेरी रिकाम्या हातांची. दोन्ही हात पाठीमागं बांधून, तपासायला आलेल्या साहेबासारखं, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं बघत जायचं. ताट हातात आलं की माणसाची अक्कल जाते, असं त्यांचं म्हणणं. मग घ्यायला सुरुवात करायची ती उलट्या टोकानं. "हाटेलवाला येडा न्हाय. भात, पापड, सूप फुडं मांडतोय आन् कुंदा पार कोपऱ्यात. तितं पोचूस्तवर तुजं ताट भरलेलं." मी सूप घेतलं की टोमणा ठरलेला. "डाळ धुतल्यालं पाणी प्यायला इस्त्रीची साडी नेसून आलीस व्हय?" घरी जे होतं ते तिथं घ्यायचं नाही. एका वेळी दोनच पदार्थ, चमचाभर. आवडला तरच परत. टाकायचं मात्र काहीही नाही, टाकलं तर वसूल काय झालं? दोन फेऱ्यांच्या मधे गप्पा मारायच्या, पोटाला उसंत मिळते. आणि नजर स्वयंपाकघराच्या दारावर. तिथल्या एका पोक्त वाढप्याशी त्यांनी कानडीत संधान बांधलं होतं. "बिसीबिसी एन ऐतो, तम्मा?" गरमगरम काय आहे रे, असं विचारलं की तो नुसती भुवई त्या भांड्याकडे उडवायचा आणि माझी ऐंशीला टेकलेली नणंद झाकण उघडायच्या आत तिथं हजर.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम राखणीचा. दोघींनी एकदम उठायचं नाही. एकीनं जायचं, एकीनं ताट राखायचं. नाहीतर हॉटेलचे लोक अर्धं ताट उचलून नेतात, खुर्चीवर दुसरं कुणी येऊन बसतं. "एकट्या माणसाचं हितं काय काम न्हाय," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "एकट्यानं आलं तर बसूनच ऱ्हावं लागंल." मी वहीत लिहून ठेवण्यासारखं वाक्य म्हणून हसले होते. आता...

या सगळ्या हिशेबी शास्त्रात एक गोष्ट मात्र मला कधी बसवता आली नाही. आक्का गोड आधी खायच्या. कुंदा, गुलाबजाम, जे असेल ते, वाटीत घेऊन बसायच्या आणि सावकाश संपवायच्या. मी कितीदा सांगितलं, "आक्का, तुमच्याच नियमात हे चुकतं. गोडानं भूक मरते. मग वसूल कसं होणार?" "मरंना का." बस, एवढंच उत्तर.

शेवटची भेट मला विसरता येत नाही. त्या दिवशी श्रीखंड होतं. आक्कांनी एक वाटी संपवली आणि दुसरी घेऊन आल्या. नेमक्या त्याच वेळी आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका मुलाबरोबर तिथं आल्या, टेबलाशी थांबल्या. माझ्याशी दोन वाक्यं इंग्रजीत झाली. मग आक्कांच्या पुढ्यातल्या वाट्यांकडे बघून त्या हसून म्हणाल्या, "आजींना शुगर नाही वाटतं!" त्या गेल्या. माझे कान गरम झाले होते. या वयात, सत्तर ओलांडल्यावरसुद्धा, मला मुख्याध्यापिकांपुढे व्यवस्थित दिसायचं होतं. मी आक्कांना म्हणाले, "काय हे लहान मुलासारखं? लोक बघतात. आधी जेवावं, गोड शेवटी घ्यावं. एवढं कळत नाही का?"

आक्कांनी चमचा वाटीत ठेवला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शेवटालाच बसत आलो की गं आजवर." आमच्या भागातल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मुलांनो, आलो, गेलो, बसलो. "तुमी घर बांधलासा तवा वास्तुशांतीला श्रीखंड हुतं, ध्येनात हाय? समदी उठली, मग आमची पंगत. तूच वाढत हुतीस. माज्यापतूर आलीस आन् पातेल्यात नुसती पळी वाजली. म्हणालीस, आक्का, उद्या चक्का टांगते, तुमाला परत करून घालते." मग हसल्या. "दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी निपाणीला. तुजी काय चूक?"

मला ते काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. आक्का उरलेलं श्रीखंड संपवून उठल्या. मी ताट राखत बसले. आम्ही दोघी नेहमीसारख्या जेवलो. दिवसातून दहा वेळा मी 'सॉरी' म्हणते, रिक्षावाल्याला, भाजीवालीला. त्या दिवशी आक्कांना काय म्हणावं ते मराठीत सुचलं नाही. स्टँडवर गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. "फुडच्या खेपंला उशीर करू नको. बारा म्हंजे बारा." मी मान हलवली आणि गाडी हलली.

घरी येऊन मी कपाटातली वास्तुशांतीची फाईल काढली. तुम्हाला माहीत आहे, मी काही टाकत नाही. पंगतींची यादी मीच केली होती, पट्टीनं रेघा आखून. पहिली पंगत: गुरुजी, पाहुणे, ऑफिसची मंडळी. दुसरी: घरचे पुरुष, मुलं. तिसरी: सवाष्णी. आणि सगळ्यात खाली, माझ्या त्याच नीटस अक्षरात, "आक्का व इतर". हे घर ज्याचं, त्याची सख्खी मोठी बहीण. मला कुणी सासूबाईंनी सांगितलं नव्हतं, त्या तर आधीच गेल्या होत्या. मी शिकलेली, मुलांना समतेवर निबंध घालणारी. विधवा शेवटी बसतात हे मी पाळलं असंही नाही, मी ते नुसतं लिहिलं. विचारसुद्धा न करता... आणि हॉटेलच्या दारात ती बाई "मी?" म्हणून मागं वळून बघत होती, तेव्हा मी हसले होते.

त्या महिन्यात मी ठरवलं. माफीबिफी मागायची नाही, आक्कांना ते आवडलं नसतं. फक्त पुढच्या रविवारी आधी मी उठायचं, गोडाच्या दोन वाट्या भरून आणायच्या, एक त्यांच्यापुढं ठेवायची आणि दुसरी त्यांच्याबरोबर, सगळ्यांत आधी, आपण खायची. मुख्याध्यापिका असोत नाहीतर आणखी कुणी. त्याच रविवारची साडी मी इस्त्री करत होते.

निपाणीला पोचले तेव्हा खोलीत बायकांची गर्दी होती. मशीनच्या सुईखाली एक बाही तशीच होती. खुंटीवर ती पिशवी, आत चष्म्याचं घर, रुमाल आणि सुटे पैसे. निघायची तयारी आदल्या दिवशीच करून ठेवलेली. दिवसकार्य झाल्यावर मालूताईंनी विचारलं, "बाई, तुमास्नी काय पायजे?" मी पिशवी मागून घेतली.

तुमच्या बाबाला फोनवर मी सगळं ठीक आहे म्हणून सांगते. ठीकच आहे. सकाळी फिरून येते, कुंड्यांना पाणी घालते, कामवाली बाई येऊन जाते. पण एका माणसाच्या स्वयंपाकात चव येत नाही, काही केल्या मीठ जमत नाही. दुसरा रविवार आला तेव्हा मी घरातच बसले. त्याच्या पुढच्या महिन्यात मात्र, म्हणजे गेल्या रविवारी, सकाळी अर्धी भाकरी आणि वाटीभर ताक घेतलं आणि बाराला हॉटेलात पोचले. एकटीच.

हात पाठीमागं बांधून पहिली फेरी मारली. मला आक्कांसारखं जमत नाही, मी शाळेत वर्गावर देखरेख करत फिरते आहे असं वाटत असणार. कोपऱ्यात कुंदा होता. वाटी भरून घेतली, टेबलाशी बसले आणि रिकाम्या पोटी, सगळ्यांच्या देखत, सावकाश खाल्ली. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं बघितलं. बघू दे. मग जेवण घेतलं, दोन घास खाल्ले आणि भाजी आणायला उठले. परत आले तर टेबल स्वच्छ पुसलेलं आणि तिथं नवरा-बायको, दोन मुलं बसलेली. आक्का म्हणाल्या होत्या तसंच. तो पोक्त वाढपी धावत आला. "चुकलं अज्जी, तुम्ही गेला असं वाटलं." त्यानं मला हात धुवायच्या बेसिनजवळ दोन खुर्च्यांचं लहान टेबल दिलं. मी हातात वाटी घेऊन थोडा वेळ उभीच राहिले. घरी जावं असं मनात आलं.

मग बसले. नवं ताट घेऊन त्यात थोडं वाढून आणलं. काखेतली आक्कांची पिशवी समोरच्या खुर्चीवर ठेवली, पडू नये म्हणून पाठीला टेकवून. निपाणीच्या कितीतरी बायकांच्या चिंध्या तिथं माझ्याकडे तोंड करून बसल्या. पुरी गार झाली होती, गरम आणायला उठले, तेवढ्यात तो वाढपी पुन्हा आला. ताटाकडे हात नेला आणि थबकला. "इथं कुणी आहे का, अज्जी?"

जन्मभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं.

"आहे," मी म्हणाले. "त्या बसल्यात."

त्यानं पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यानं ती पिशवी पाच वर्षं बघितली होती. मग त्यानं भुवई स्वयंपाकघराच्या दाराकडे उडवली. नुकतंच एक भांडं बाहेर येत होतं. मी गेले, रांगेत उभी राहिले, दोन गरम पुऱ्या घेतल्या. एकदाही मागं वळून बघितलं नाही.

परत आले तेव्हा ताट जागेवर होतं.