गाळलेली ओळ
परवा रक्त न्यायला आलेल्या बाईंनी माझ्या हाताला स्पिरिट लावलं आणि त्या वासासरशी सीपरी बाजारातल्या एका दवाखान्याचा हिरवा पडदा आठवला. नातवंडांनो, तुमच्यातला धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन त्याच्या आईने भीतीपोटी दोनदा पुढे ढकललं होतं. भुलीचे डॉक्टर दोन औषधांची तुलना करत होते. घशात श्वासाची नळी बसवताना मूल कोणत्या औषधाने जास्त शांत राहतं, हे त्यांना पाहायचं होतं. संमतीचा कागद इंग्रजीत होता. "अम्माजी, आप ही पढ़कर बहू को समझा दीजिए," ते म्हणाले. मी सगळं नीट सांगितलं, फक्त एक ओळ सोडून: एक औषध शिरेत टोचताना हात जळजळतो. ते ऐकून सून पुन्हा त्याला घरी घेऊन गेली असती. तिने सही केली. भूल चढेपर्यंत मला त्याच्याजवळ उभं राहू दिलं. "दुखेल का गं आजी?" "मुळीच नाही." त्याच्या वाट्याला तेच औषध आलं, दुधासारखं पांढरं. "आजी, जळतंय! तू तर नाही म्हणालीस!" एवढं ओरडून तो झोपला. ऑपरेशन चांगलं झालं, पण जागा झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. काल फोनवर मी तुम्हाला माझा रिपोर्ट वाचून दाखवला, तेव्हा त्यानेच विचारलं, "पूर्ण वाचलास ना, आजी?" मी हो म्हटलं. शेवटची ओळ मी वाचली नव्हती.