चांगलं राखलेलं घर विकणे आहे

आमच्या डोंगरावरच्या गावात घरं भरपूर आहेत, फक्त राहायला जागा नाही. हे मी नगरपालिकेच्या बैठकीत उभा राहून बोललो, तर अध्यक्ष म्हणाले, मुद्दा कळला नाही. कळेल कसा, त्यांचे स्वतःचेच तीन बंगले भाड्याने लागतात, तेही पर्यटकांना. त्या दिवशी विषय होता ‘स्थानिकांच्या निवासाचा प्रश्न’. चर्चा अर्ध्यावर सोडावी लागली, कारण नोंदी घेणाऱ्या बाईंची खाली जाणारी शेवटची बस सुटत होती.

मी प्लंबर. इथे थंडीत नळातलं पाणी गोठतं आणि पाइप फुटतात, त्यामुळे मला मरेपर्यंत काम आहे. राहायला होतो दादा-वहिनीकडे, औषधाच्या दुकानामागच्या भाड्याच्या घरात. दादा हॉटेलची गाडी चालवतो. दिवसभर पाहुण्यांशी गोड बोलून बिचाऱ्याचं बोलणं संपतं, घरी नुसता हुंकार उरतो. घरातलं बोलायचं खातं वहिनीकडे.

वहिनी गावातले निम्मे बंद बंगले सांभाळते. मालक शहरात. वर्षातून एकदा येतात, बर्फात फोटो काढतात आणि सर्दी घेऊन परत जातात. एरवी सगळं वहिनीवर. खिडक्या उघडायच्या, गाद्यांना ऊन दाखवायचं, नळ सोडून पाहायचे, संध्याकाळी एकेका घरात दिवा लावून यायचा, म्हणजे चोराला वाटावं की आत माणसं आहेत. आता चोर तरी इथे कुठून येणार? त्यालाही भाडं परवडायला हवं ना. पण खालच्या रस्त्यावरून बघाल तर गाव कसं गजबजलेलं दिसतं. त्या सगळ्या दिव्यांमागे एकटी आमची वहिनी असते.

बंगला विकायला निघाला की दलालही आधी तिलाच गाठतो. या दलालाला गाव चौरसफूट म्हणतं. तो मयताला गेला तरी आधी जागेचा अंदाज घेतो. गिऱ्हाईक यायच्या आधी वहिनी त्या घरात शिरते, शेगडी पेटवते, पडदे सारते, पलंगावर एखादं पांघरूण अर्धवट घडी करून टाकते, आणि वर्षभर कोणी फिरकलं नाही त्या घरात आत्ताच कोणीतरी उठून गेलंय असं वाटायला लागतं. गिऱ्हाईक विरघळतं. चौरसफूट दलाली घेतो आणि वहिनीला म्हणतो, तुमच्या हाताला गुण आहे.

तर हा माणूस एका सकाळी आमच्याच दारात उभा.

“वहिनी, तुमच्या मालकांनी हे घर विकायला काढलंय. रविवारी पार्टी येतेय,” तो म्हणाला. “तयारीचं तुम्हाला काय सांगायचं म्हणा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनीने त्याला चहा दिला. तो चहा पिता पिता आमची भिंत डोळ्यांनी मोजत होता.

घर गेलं तर काय, हे सांगायला ज्योतिषी नको होता. गावात भाड्याची दुसरी खोली नाही. शाळेचे मास्तर प्रयोगशाळेत झोपतात. नवीन डॉक्टर आली, महिनाभर दवाखान्यातल्याच खाटेवर राहिली आणि गेली. हॉटेलवाले दारावर ‘कामगार पाहिजेत’ची पाटी लावतात आणि कामगारांच्या खोल्या पाहुण्यांना देतात. आम्हाला खाली दरीतल्या गावात जावं लागणार, म्हणजे दादाची पहाटेची फेरी हुकणार, म्हणजे त्याची नोकरी गेली. आणि वहिनी लग्न होऊन आली ती याच घरात. ओट्याची फरशी तिने स्वतः घासून घासून गुळगुळीत केलेली. तिला कुठेच जायचं नव्हतं, आणि हे तिने आम्हाला पदराने डोळे पुसत सांगितलं.

मग मी डोकं लढवलं. मोरीच्या भिंतीला पाइप घट्ट धरून ठेवणारा क्लॅम्प ढिला केला. नळ उघडला की अख्खी भिंत धडधडायची, जणू आत कोणी हातोडा घेऊन बसलंय. असल्या घराला कोण हात लावणार? वहिनीने ऐकून पाहिलं, हसली आणि म्हणाली, “भावजी, राहू द्या असाच.” दादानेसुद्धा हुंकार दिला.

रविवारी नवरा-बायको आले. बाईंच्या गळ्यात दुर्बीण. साहेब प्रत्येक दार दोनदा उघडत होते. चौरसफुटाचं तोंड बंद होत नव्हतं. वहिनीने शेगडी पेटवली नव्हती, पडदे सारले नव्हते, आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती. तिला ते किती जड जात होतं ते मला दिसत होतं.

बाईंनी नळ उघडला. भिंत धडधडली. भांडी थरथरली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि मी मनातल्या मनात आरती ओवाळली.

“बघा,” बाई नवऱ्याला म्हणाल्या. “भाडेकरू ठेवले की असंच होतं. घर राखलेलंच नाही यांनी.”

झालं. वहिनीच्या हाताची घडी सुटली.

“कोणी राखलेलं नाही?” ती म्हणाली. “वीस वर्षांत या घराला कधी ओल शिवली नाही. तो पाइप आमच्या भावजींनी मुद्दाम ढिला केलाय. दोन मिनिटांचं काम आहे. भावजी, पाना आणा.”

मी जागचा हललो नाही.

“भावजी, पाना.”

आता काय सांगू? तिचा तो आवाज आला की दादा उठतो, मी काय चीज आहे. मी पाना आणला आणि पाहुण्यांसमोर माझ्याच हाताने क्लॅम्प आवळला. तोवर वहिनीने पडदे सारले, शेगडी पेटवली, बाईंना ओटा दाखवला, कपाटं उघडून कोपरे दाखवले, माळ्यावरही चढवलं. बाईंचे डोळे भरून आले. इतकं जपलेलं घर त्यांनी कुठे पाहिलंच नव्हतं. टेबल-खुर्च्यांसकट घेतो म्हणाले. टेबल-खुर्च्या आमच्या होत्या.

ते गेल्यावर मी वहिनीला नको नको ते बोललो. ती एवढंच म्हणाली, “मग काय ऐकून घेऊ? की मी घर राखत नाही?”

आता आम्ही खाली राहतो. दादाची नोकरी गेली, तो मोकळा बसून हुंकारतो. नव्या मालकांनी घर सांभाळायला गावात सगळ्यात चांगलं कोण असं विचारलं, चौरसफुटाने वहिनीचं नाव दिलं आणि तिने काम घेतलं.

थंडी पडायच्या आत तिथलं पाणी बंद करायला गेलो, तर ती ओटा पुसत होती. दुपार झाली तसा तिने डबा काढला आणि खिडकीपाशी उभ्याने खायला लागली. शेजारी तिचीच खुर्ची होती.

“वहिनी, बस की जरा,” मी म्हणालो. “इथे कोण बघतंय?”

“नको भावजी,” ती म्हणाली. “लोकांच्या घरी कामाला गेलं की मी बसत नाही.”