ज्योतिषाच्या कपाटात

गावातल्या वाचनालयात काल मी माझाच जुना विज्ञानकथांचा संग्रह शोधत होतो. सापडला तो ज्योतिषाच्या कपाटात, हस्तरेषा आणि वास्तुशास्त्र यांच्या मधे. तडक ग्रंथपालबाईंकडे गेलो. त्या हसून म्हणाल्या, "अहो सर, तुमचं सगळं खरं ठरलं की! म्हणून मीच हलवलं तिकडे."

खरं काय ठरलं? झाडं उरली नाहीत म्हणून जिथे पाखरांचे आवाज यंत्रावर ऐकवतात, अशा गावाची गोष्ट मी लिहिली होती. आता याच वाचनालयाच्या दारातला आंबा पार्किंगसाठी तोडलाय आणि वाचकांना प्रसन्न वाटावं म्हणून ऐन थंडीत भिंतीवरच्या स्पीकरमधून कोकीळ ओरडतो.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्योतिष्याचं भाकीत खरं ठरलं की त्याला पेढे मिळतात. पण मी काय कुंडली मांडून बसलो होतो? डोळ्यांसमोर दिसत होतं ते लिहिलं, आणि लिहिलं तेही खोटं ठरावं म्हणून! पुढे खड्डा आहे असं बोंबलून सांगणाऱ्याला, माणूस पडल्यावर कुणी हार घालतं का?

"बाई, माझं भविष्य साफ चुकलंय," मी म्हणालो. "माझ्या गोष्टीत शेवटी सगळं गाव उठतं आणि ते यंत्र बंद पाडतं!"

आवाज जरा चढलाच असावा. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला सर, लोक वाचतायत."

त्यांच्या डोक्यावर कोकीळ ओरडतच होता.