पातळ पुस्तकाचे अर्धे गुण

ताईंनी माझं पुस्तक दोन बोटांत धरून वर केलं आणि विचारलं, "हे पुस्तक आहे का पापड?"

सभागृह हसलं. चौबे कॉलनीतल्या मराठी मंडळाची वाचनस्पर्धा. खुर्च्यांवर डॉक्टर-वकिलांची मुलं. मी अकरावीत, हातात परीक्षणाचे कागद. बाबा चहाचा ट्रे घेऊन फिरत होते. तेही हसले. मला सगळ्यांत जास्त भीती त्यांच्या हसण्याची वाटली.

बाबा मंडळाचे शिपाई. बीरगांवच्या कारखान्यातलं काम सुटल्यावर ही नोकरी मिळाली, सोबत सभागृहामागची खोली. दोन्ही ताईंच्या मर्जीवर, कारण त्या मंडळाच्या सचिव. स्पर्धेचे नियमही त्यांचेच. परीक्षण सगळ्यांनी चार पानांचं लिहायचं, पण पुस्तक शंभर पानांच्या आतलं असलं तर गुण अर्धे.

बरं, जाड पुस्तक घ्यावं, तर मंडळाच्या जाड पुस्तकांच्या कपाटाला कुलूप, किल्ली ताईंकडे. मागायला गेले तेव्हा ताई गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "तुमच्या खोलीत वाळवी असेल ग. तू पातळच ने." खोलीत वाळवी नव्हती. त्यांना आमचा हात पुस्तकाला नको होता. हे मला तिथंच कळलं. तरी मान डोलावली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

ते पातळ पुस्तक एका बाईनं स्वतःबद्दल लिहिलेलं. लोकांचे संडास धूत शिकलेली बाई. वाचून झाल्या झाल्या मी परीक्षण लिहायला बसले. जे म्हणायचं ते दोन पानांत म्हणून झालं. उरलेल्या दोन पानांसाठी पाणी घालावं लागलं असतं. मी घातलं नाही.

"आणि परीक्षण दोनच पानं?" ताई म्हणाल्या. "वाचू नकोस. बस खाली."

मी बसले नाही. याला कोणी धाडस म्हणू नये. भीती होतीच. तरी शब्द बाहेर पडले.

"जाड पुस्तक तुम्ही देत नाही जी. मग पातळाचे गुण काहून कापता? लहान पुस्तकाचं परीक्षण लहान राहू द्या. गुण काहून लहान?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबांना म्हणाल्या, "खोली हवी आहे ना? समजाव हिला."

बाबा ट्रे घेऊन माझ्याजवळ आले. "बस न बाई," बाबा म्हणाले. "खोली गेली मंजे कुठं राहाचं आपण?"

"मले भेव लागून राहिलं बाबा. पण मी नाही बसत."

मी वाचायला सुरुवात केली. कोणीतरी माइक बंद केला. आवाज फाटत होता, घामानं कागद ओले झाले होते. दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली. टाळी वाजली नाही.

महिनाअखेर खोली गेली, नोकरीही. बाबा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचा राग मला मान्य आहे. ताईंचा नियम तेव्हाही मान्य नव्हता, आजही नाही.

आता मी स्वतः शिकवते. माझ्या वर्गात पुस्तक मुलं निवडतात, आणि परीक्षण म्हणणं संपेल तिथं संपतं. यावरून वरिष्ठ बोलावतात, आवाज चढवतात. अजूनही भीती वाटते. ती जाण्याची वाट मी पाहणार नाही. भीत भीतच बोलेन, आणि बस म्हटलं तरी बसणार नाही.