हरणाबाईंच्या घरचा चहा

६ जुलै २०२३, गुरुवार. महिना आठ हजार दोनशे रुपये, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा, रविवारी सुट्टी. सांगलीत, विश्रामबागेतल्या दुसऱ्या मजल्यावर हे ठरलं आणि त्रिशलाने सुटकेचा निःश्वास सोडला.

त्रिशला एका पतसंस्थेत रोखपाल. लेक ब्राह्मी सात महिन्यांची. हक्काची रजा संपली होती, वाढवून घेतलेलीही संपत आली होती. सोमवारी, दहा तारखेला हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, असं व्यवस्थापकांनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. सासूबाई गावी, नवरा अरिहंत दिवसभर मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर. त्यामुळे ब्राह्मीला सांभाळायला बाई मिळाली तरच नोकरी राहणार, एवढा सरळ हिशोब होता.

बाई कशी हवी याचे अकरा मुद्दे तिने वहीत लिहून ठेवले होते. त्यावर तीन बाया तपासून झाल्या. पहिलीने मोबाइलवरची मान वर केली नाही. दुसरीने मुलीआधी टीव्ही न्याहाळला. तिसरी बरी वाटली. पण मिसरी लावता का विचारल्यावर "छ्या, छ्या" म्हणत हसली, तेव्हा दात काळे कुळकुळीत.

चौथ्या हरणाबाई. पंचावन्नच्या घरातल्या, उंच, चापूनचोपून नेसलेल्या. मूळच्या आटपाडीकडच्या. नवरा आकाराम गवंडीकामाला, त्याच्यामागं सांगलीला आलेल्या. तो गेल्यावर दुसऱ्यांची पोरं सांभाळून आपली दोन मार्गी लावलेली.

"मिसरी लावता?" त्रिशलाने विचारलं.

"लावते की. सकाळी उठल्याबरुबर, आमच्या घरात. चूळ भरून, हात धुऊन मगच भाईर पडते. खोटं कशाला बोलू?"

"आजवर किती मुलं सांभाळली?"

"पाच घरातली अकरा. एक दातांचा डाक्टर झालाय. मला फुकट दात बसवतो म्हनतोय, पर माझं पडंनात."

त्रिशलाला हसू आलं. मग तिने वही उघडून घरचे नियम वाचून दाखवले. पाणी गाळून घ्यायचं. कांदा, लसूण, बटाटा, आलं, जमिनीखालचं काही घरात यायचं नाही. हरणाबाई ऐकत होत्या की ब्राह्मीच्या टाळूकडे बघत होत्या, कळायला मार्ग नव्हता. शेवटी त्रिशलाने चहा केला, त्यांना दिला. त्यांनी तो प्यायला, कप धुऊन ठेवला. "उद्या येते," म्हणून गेल्या.

शुक्रवारी आल्या नाहीत. फोन वाजत राहिला. दुपारी त्रिशलाने वही काढून पुन्हा वाचली. पगार कमी सांगितला का, वेळ जास्त झाली का. काहीच लागेना. संध्याकाळी शेजारणीच्या मांडीवर ब्राह्मीला देऊन ती अरिहंतच्या स्कूटरवर बसली आणि पत्ता विचारत संजयनगर गाठलं.

पत्र्याचं घर, पण फरशीवर पाय ठेवायला संकोच वाटावा इतकं लख्ख.

"या ताई. बसा." हरणाबाईंच्या आवाजात राग नव्हता.

"मावशी, बरं नाही का?"

"बरं हाय की."

"मग आला का नाही?"

हरणाबाईंनी स्टोव्हवर आधण ठेवलं आणि मग बोलल्या. "काल तुमी खिडकीतला कप काढून मला च्या दिला. बाकीचं कप फळीवर. ह्यो येकटाच खिडकीत कुणासाठी ठिवलाय?"

तो कप घर लावताना सासूबाईंनी तिथे ठेवला होता, कामवाल्या बाईसाठी. त्यावर कधी विचार करावा लागला नव्हता. हात आपोआप तिकडे गेला होता.

"मला कमीपणा न्हाई त्यात. लय कप बघितलं म्या," हरणाबाई म्हणाल्या. "पर तुमच्या लेकीला घास भरवायचा ह्याच हातानं. हात चालतो आन् कप चालत न्हाई, ह्ये कसं जमायचं ताई?"

एवढं बोलून त्यांनी फळीवरची फुलाफुलांची कपबशी काढली, चहा गाळला आणि त्रिशलापुढे ठेवला.

बाहेर दिवे लागले होते. चातुर्मास सुरू झालेला. दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा त्रिशलाचा लग्नाआधीपासूनचा नेम. तिचा चेहरा उतरला. "मावशी, खरंच सांगते, आता मला चालत नाही. चातुर्मास आहे."

"व्हय?" हरणाबाई एवढंच म्हणाल्या.

अरिहंतने घाईने हात पुढे केला. "मी घेतो. मला नेम नाही."

"तुमाला कुठं दिलाय, साहेब? ह्यो ताईंचा हाय." त्यांनी चहा उचलून मोरीत ओतला.

त्रिशला उठली. "उद्या दिवस उगवला की येते. हीच कपबशी काढून ठेवा."

"बघू," हरणाबाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी सातला, ब्राह्मीला कडेवर घेऊन, रिक्षा करून ती पुन्हा त्याच फरशीवर बसली. हरणाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आधण ठेवलं.

"पानी गाळून घेतलंय. आन् आलं घातलं न्हाई," चहा देताना त्या म्हणाल्या. "जमिनीखालचं चालत न्हाई म्हनला हुता न्हवं परवा? येलदोडा टाकलाय."

म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. चहा कढत होता, थोडा जास्तच गोड. त्रिशलाने बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. तोवर ब्राह्मी हरणाबाईंच्या मांडीवर जाऊन त्यांच्या हिरव्या बांगड्या तोंडात घालायच्या खटपटीत होती.

"सोमवारी किती वाजता निघता तुमी?" हरणाबाईंनी विचारलं.

"पावणेदहाला."

"मी नवालाच येते. पोरीला तुमच्या जायाची सवय लागस्तवर."

सोमवारी दहाच्या ठोक्याला त्रिशला आपल्या खिडकीमागे बसून नोटा मोजत होती. घरच्या खिडकीतल्या त्या कपात तेव्हापासून कपड्यांचे चिमटे असतात. ब्राह्मी आता बालवाडीत जाते, हरणाबाईंना "हन्नाई" म्हणते, आणि बोलता बोलता "लय भारी" म्हणते तेव्हा गावाहून आलेल्या सासूबाई दचकतात. त्याही आता फळीवरच्याच कपातून हरणाबाईंना चहा देतात, फक्त देताना दुसरीकडे बघतात. हरणाबाईंचा पगार नऊ हजार आठशे झाला आहे. पतसंस्थेतली क्रांती परवा बाई शोधण्यासाठी ती अकरा मुद्द्यांची वही मागायला आली. त्रिशलाने वही दिली आणि सांगितलं, "आधी घरातले कप बघून घे."

शुक्रवारी मोरीत गेलेल्या चहाचं पाव लिटर दूध मात्र हरणाबाई विसरलेल्या नाहीत. पगाराच्या दिवशी आठवण काढतात, त्रिशलाने पैसे पुढे केले की म्हणतात, "ऱ्हाऊ द्या. आमचं बी काय तरी तुमच्याकडं असू दे."

त्रिशलाकडून हरणाबाईंना चौदा रुपये अजून येणे आहेत.