हिरवी दारं

बंदराकाठच्या बिर्गू गावात, आमच्या गल्लीत दाराची किल्ली बाहेरून कुलपातच असते. आपल्या माणसाने ती फिरवायची आणि आत यायचं. दार वाजवतो तो परका: पाद्री, डॉक्टर, नाहीतर मतं मागणारा.

समोरची चेन्सा एकोणचाळीस वर्षं त्या किल्लीला तेल घालत आली. आईमागे तिनेच वाढवलेला धाकटा भाऊ, साल्वू, विसाव्या वर्षी बोटीने मेलबर्नला गेला आणि तिकडचाच झाला. मी चिडवायची, "अगं, एवढ्या तेलात माझी वांगी तळून झाली असती!"

"तू तुझी वांगी तळ, डोलोर. तो येईल तेव्हा किल्ली अडायला नको."

यंदा पत्र आलं, येतोय म्हणून. चेन्सा धक्क्यावर गेली नाही. "स्वतःच्या घरी येणाऱ्याला आणायला कशाला जायचं? फक्त दार वाजवलं ना त्याने, तर समजेन, माझा साल्वू तिकडेच राहिला."

दहाला बोट लागली. बारा वाजले तरी स्वारीचा पत्ता नाही. पाववाला झारू गल्लीतून ओरडला, "तुमचा टोपीवाला साहेब तटाच्या भिंती कुरवाळत हिंडतोय!" मग तो चर्चमागे दिसला, मग त्याच बोळात दोनदा. वाट चुकला होता, पण जन्मगावात वाट विचारणार कोणाला?

मी भोपळ्याचं सूप ढवळत होते. माझ्या दाराची किल्ली फिरली. टोपी खुंटीला अडकवत, पाठमोराच तो ओरडला, "चेन्सा, भूक लागलीय गं! काय केलंयस?"

त्याच्या वेळी गल्लीत हिरवं दार एकच होतं, चेन्साचं. गेल्या वर्षी तिचाच उरलेला रंग मी फुकटात माझ्या दाराला फासला होता.

तो वळला. कानापर्यंत लाल झाला. "माफ करा, बाई." मी हातातल्या पळीनेच समोरचं हिरवं दार दाखवलं. समोर जाऊन त्याने किल्लीकडे हात नेला, मागे घेतला आणि दार वाजवलं.

चेन्साने त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं, पाहुण्यांच्या खुर्चीत. सोनेरी काठाच्या कपात कॉफी दिली. तीन आठवडे राहिला बिचारा. प्रत्येक जेवणानंतर आभार मानायचा.

पहिल्याच संध्याकाळी मी तिला खरं सांगून टाकलं.

"खोटं! तुझ्या जिभेला हाड नाही."

"मारियामातेची शपथ. किल्ली फिरवली आणि थेट आत. फक्त दार माझं होतं."

तिने माझं मनगट घट्ट धरलं. "काय म्हणाला? परत सांग."

साल्वू मेलबर्नला परतला. आता ती रोज दुपारी येते, माझ्या स्वयंपाकघरात, त्याच खुंटीखाली बसते आणि ऐकते. एरवी मी कुठलीही गोष्ट मीठमसाला लावल्याशिवाय सोडत नाही. इथे एक अक्षर इकडचं तिकडे चालत नाही.

"आधी टोपी अडकवली," ती म्हणते. "मग ओरडला. नीट सांग की गं."