नाळेचं रक्त आणि माझा चुंबक

मी चौथीपर्यंत शिकलो, पण भूतखेत कधी मानलं नाही. भिवंडीत चाळीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होतो. लूम बंद पडला की मालक लिंबू बांधायचा, मी पाना घेऊन आत शिरायचो... चालू कोणामुळे व्हायचा ते सांगायला नको!

दोन हजार सात साल. भिवंडीजवळच कोन गावात एका गोदामावर लॅब होती. माझी नात सुजाता तिथे नवीन लागलेली, अजून कायम नव्हती. रविवारी दुपारी डबा घेऊन गेलो तर पोरगी एकटी रडत बसलेली.

"काय झालं गो?"

"आबा, नोकरी गेली माझी."

मग रडत रडत सगळं सांगितलं. बाळाच्या नाळेतलं रक्त होतं. त्यातल्या कामाच्या पेशींना लोखंडाचे बारीक कण चिकटवायचे – डोळ्यांना दिसत न्हाईत एवढे – आणि रक्त मोठ्या चुंबकातल्या नळीतून सोडायचं. कामाच्या पेशी अडकतात, बाकीच्या वाहून जातात. ते तिने झ्याक केलं. एका ट्यूबमध्ये त्या पेशी, दुसरीत तुलनेला तेवढ्याच साध्या. मग ट्यूब स्पिरिटने पुसल्या... आणि वर पेनाने लिहिलेली नावंच गेली! पेशींचं खाद्य एकाच ट्यूबपुरतं उरलेलं. संध्याकाळपर्यंत घातलं नाही तर पेशी मरणार. ओळखणारं मशीन मुंबईला, रविवारी बंद.

लूमखाली पडलेल्या पिना काढायचा माझा दोऱ्याचा चुंबक खिशात असतोच. तो काढला.

"आबा, एवढ्याशा लोखंडाला तुझा चुंबक हुंगणारपण न्हाय!"

"तुझं पुस्तक ठेव बाजूला. पंखा बंद कर."

दोरा लाकडी स्टँडला बांधला, दोन्ही बाजूंना एकेक ट्यूब ठेवली आणि मी हात मागे घेतले. चुंबक लटकला... थांबला... आणि हळूच डावीकडे कलला! सुजाताने ट्यूबची अदलाबदल केली. चुंबक उजवीकडे! पुन्हा बदलली – पुन्हा तिच्याच मागे! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, नाचावंसं वाटलं.

त्याच ट्यूबमध्ये तिने खाद्य घातलं. दोन दिवसांनी मशीनने सांगितलं – बरोबर! पोरगी कायम झाली.

पुढे तिने नाव लिहिलेल्या ट्यूब घेऊन वीस वेळा करून पाहिलं. चुंबक ओळंब्यासारखा सरळ. हललाच न्हाई.

"योगायोग, आबा," म्हणते.

लग्न होऊन पुण्याला निघाली, तेव्हा बॅग भरता भरता म्हणाली, "तुझा चुंबक देतोस?"

"योगायोग बॅगेत कशाला गो?"

तिने हात पुढे केला. मी दोरा गुंडाळून चुंबक दिला.